गच्चीवरचं पातेलं

जावईबापूंनी संडासाच्या दारावर सूचना चिकटवली: "वापरानंतर दोन बादल्या पाणी ओतावे. हुकुमावरून." घरात माणसं तीन. एक स्वतः जावईबापू, दुसरी त्यांची बायको आणि तिसरे महिन्यापूर्वी राहायला आलेले सासरे. तेव्हा सूचना कुणासाठी होती, हे न सांगताच सगळ्यांना कळलं.

वास मात्र खरंच भयंकर होता. मोरीच्या जाळीतून यायचा, बेसिनमधून यायचा आणि थेट जेवणाच्या ताटापर्यंत पोचायचा. फिनेल झालं, सुगंधी फवारे झाले. जावईबापू एका मोठ्या कचेरीत तक्रार निवारण कक्षाचे प्रमुख होते आणि दोषी हुडकून काढण्यात त्यांचा हातखंडा होता.

"बाबा यायच्या आधी होता का हा वास? नव्हता. मग झालं तर," त्यांनी बायकोला सांगितलं. दार लोटून सांगितलं, पण बाबांची खोली दाराला लागूनच होती. दुधाचं पातेलं हरवलं, तेही त्यांनी बाबांच्या विसराळूपणावर ढकललं.

सासरे दोन बादल्या ओतू लागले. मग तीन. मग रात्रीचं जेवण सोडलं. मग रोज सकाळी खिशात साबणाची वडी घालून, काठी टेकत बागेजवळच्या सार्वजनिक शौचालयात जाऊ लागले. "जरा फिरून येतो," म्हणायचे. आणि त्या शनिवारी बॅग भरून बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

"घरी जातो, पोरी. तिकडे माझं मला बरं."

"एकटे कसे राहणार तिकडे? दोन पायऱ्या चढवत नाहीत तुम्हाला."

"दुपारची गाडी आहे," ते म्हणाले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने प्लंबरला फोन लावला.

प्लंबरने संडासात बादलीभर पाणी ओतलं आणि मोरीच्या जाळीशी कान नेला. जाळी गुडगुडली.

"वहिनी, गच्चीवर कुठून जायचं?"

"गच्चीचं काय काम?" जावईबापूंनी विचारलं.

"मैल्याच्या पाइपाला वर हवेचं तोंड असतं, साहेब. घाण वास तिथून आभाळात जातो. ते बंद झालं की वाहतं पाणी जाळीखाली वास अडवायला साठलेलं पाणीही ओढून नेतं. मग वासाला घरात यायला रस्ता मोकळा."



गच्चीवर लोखंडी शिडीने जावं लागे. प्लंबर दहा मिनिटांनी खाली उतरला, तेव्हा त्याच्या हातात दुधाचं पातेलं होतं आणि पातेल्याला पायजम्याची निळ्या पट्ट्यांची नाडी लोंबत होती.

"हे पाइपावर उपडं घालून बांधलं होतं. कुणातरी हुशार माणसाचं काम आहे."

सासरे खाकरले.

"मीच ठेवलं असेन. हल्ली लक्षात राहत नाही."

त्यांच्या काठीकडे आणि त्या शिडीकडे पाहून प्लंबरचाही यावर विश्वास बसला नाही. बायको नाडीकडे बघत होती. ती तिनेच नवऱ्याच्या पायजम्यात ओवली होती.

जावईबापूंना तोंड कुठे लपवू असं झालं. सासरे आल्यावर बाहेरची आरामखुर्ची त्यांना गेली, म्हणून जावईबापू पेपर घेऊन गच्चीवर बसू लागले होते. पाठीमागच्या पाइपातून वास यायचा. त्याचं तोंड बुजवायला गवंडी विसरला, असा निष्कर्ष काढून त्यांनी हाताला लागलं ते भांडं त्यावर बसवलं. पातेल्याची शोधाशोध झाली तेव्हा सांगायची लाज वाटली, आणि पुढे ती रोज वाढतच गेली.

"मी बांधलं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की पुन्हा म्हणावं लागलं. "मी बांधलं. बाबा, तुमचा दोष नव्हताच. तुम्ही ऐकून का घेतलंत?"

"मला कुठे कळतंय, जावईबापू? सहा वर्षं झाली, नाकाला कसला वासच लागत नाही. तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही म्हणालात, म्हणजे माझ्यामुळेच येत असणार."

जावईबापू उठले आणि त्यांनी सूचना ओरबाडली. डिंक चांगल्यापैकी लावला होता, त्यामुळे "हुकुमावरून" एवढं दारावर तसंच राहिलं. ते नखांनी खरवडत बसले.

बायकोने बॅग उचलून आत नेली. सासऱ्यांनी हळूच विचारलं, "गेला का हो आता वास?"

जावईबापूंनी श्वास ओढून पाहिला. रडू आवरता आवरता नाक गच्च चोंदलं होतं.

"मलाही कळत नाहीये, बाबा," ते म्हणाले.