श्रावणी सोमवारची गैरहजेरी

"ज्या टीचरकडे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नसेल, त्याला बोर्डाची क्लास मिळणार नाही," प्राचार्या तेजस्विनी शितोळे मॅडमनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं आणि दत्तात्रय फणसे सरांच्या घशात पोहे अडकले. उज्जैनच्या माणसाच्या घशात पोहे सहसा अडकत नाहीत. त्यावरून प्रसंग किती बाका होता ते लक्षात यावं.

बोर्डाची क्लास म्हणजे दहावी, आणि दहावी 'अ'चं गणित म्हणजे फणसे सर. फ्रीगंजमधल्या त्या शाळेत हे समीकरण इतकं जुनं होतं की आता ज्यांची मुलं दहावीत होती, ते बापही सरांच्याच हाताखाली त्रिकोणमितीत आपटून पुढे गेले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. बढती नको, सत्कार नको, रिटायर व्हायच्या दिवशी शेवटचा तास दहावी 'अ'वर व्हावा, एवढीच सरांची इच्छा. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा तर रविवारीही असायचा. पत्नी कुसुमताई कपडे धुण्याआधी तो काढून ठेवायच्या, आणि सर सकाळी तो आधी शोधायचे, चष्मा नंतर.

आता मध्येच हे 'पाठशिखर' आलं होतं. ट्रस्टचे अध्यक्ष भय्यासाहेब पुण्याला एका लग्नाला गेले आणि येताना हा ऑनलाइन प्लॅटफॉर्म घेऊन आले. लोक बाकरवडी आणतात. पाठशिखरवर तास, हजेरी, गृहपाठ, पालकांना निरोप, सगळं आपोआप होणार होतं. शिकवायला कंपनीचा विहंग नावाचा तरुण पुण्याहून पडद्यावर यायचा आणि असा भराभर बोलायचा की त्याचा तास संपला की मास्तर मंडळी एकमेकांकडे बघायची.

"काही समजलं का?" खेळाचे मधुकर सर विचारायचे.

"समजलं ना. मालवणी आहे बहुतेक," कुणीतरी म्हणायचं.

गणिताचे दुसरे मास्तर अनिकेत शेवडे मात्र या ट्रेनिंगला फिरकतच नव्हते. वय तिशीच्या आत, कॉम्प्युटरवर हात असा चालायचा की बघत राहावं. दहावी 'अ'वर डोळा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. "मला हे सगळं येतं सर. जे येतं ते शिकायला मी कशाला बसू? फालतू टाइम वेस्ट," असं म्हणून ते कँटीनला जायचे. वर जाता जाता, "तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमच्याच्याने नाही झालं तर दहावी मी सांभाळून घेईन," हेही ऐकवायचे. आता हे ऐकून कुठल्या माणसाला रात्री झोप लागेल?

सरांनी मग इरेला पेटून पाठशिखर शिकायला घेतलं, पण आपल्या पद्धतीनं. नानाखेड्याच्या घरी त्यांनी पाठशिखरचे चक्क धडे पाडले. 'लॉगिन म्हणजे काय? सोदाहरण स्पष्ट करा.' 'हिरवे बटन व लाल बटन यांतील फरक सांगा.' उत्तरं लिहून पाठ केली आणि कुसुमताईंना प्रश्न विचारायला बसवलं. चार दिवसांनी अशी वेळ आली की भाजी परतता परतता कुसुमताईच सांगू लागल्या, "अहो, आधी पासवर्ड, मग हिरवं बटन. तुम्ही परत उलटं बोललात."

सर्टिफिकेटच्या परीक्षेत सर शाळेत पहिले आले. बाकीचे सगळे गडगडले. मॅडम म्हणाल्या, "फणसे सर, आता तुम्हीच मास्टर ट्रेनर. सगळ्या स्टाफला तयार करा."

कॉम्प्युटरची खोली दुरुस्तीला निघाली होती, म्हणून सरांनी ऑनलाइन प्लॅटफॉर्मचं ट्रेनिंग फळ्यावर घेतलं. पूर्ण फळाभर पाठशिखरचा पडदा काढला. बटनं रंगीत खडूंनी रंगवली. हिंदीच्या मॅडमना उठवून, "या, लॉगिन करून दाखवा," म्हटलं की त्या फळ्यापाशी जाऊन खडूच्या बटनावर बोट ठेवायच्या आणि बोट हिरवं करून जागेवर यायच्या. मधुकर सर वहीत आकृती काढताना विचारायचे, "सर, नावं दिलेली आकृती काढायची का?" हसू नका. आठवड्यात सगळा स्टाफ पास झाला. विहंगला जे पुण्याहून जमलं नाही ते खडूनं केलं. एकटे अनिकेत सर बिनसर्टिफिकेटचे राहिले, कारण जे येतं ते शिकायला ते बसलेच नव्हते.

सरांना आता दहावी 'अ' हातात आल्यासारखी वाटत होती. एकच काम उरलं होतं, शाळेचं वेळापत्रक पाठशिखरवर चढवून ते खरोखरचं चालू करणं. शनिवारी त्यांनी विहंगला फोन लावला.

"शाळा सोमवार ते शनिवार ना सर?"

"हो हो, तशीच असते."

"काही खास सुट्ट्या घालायच्या आहेत का?"

"नेहमीच्याच. त्या तर तुम्हाला मालूमच असतील."

"हो, त्या सिस्टिममध्ये आहेत. पालकांना निरोप पाठवायचा पर्याय चालू ठेवू?"

"बिल्कुल ठेवा. त्याच्यासाठीच तर घेतलं आहे."

"मग पुढच्या आठवड्यापासून सुरू करून देतो, सर."

"करून द्या," सर म्हणाले आणि निर्धास्त झाले.

इथे सरांची चूक काय झाली, ते उज्जैनबाहेरच्या वाचकालाच आधी कळेल. इथल्या पंचांगाप्रमाणे सावन लागला होता. सावनात सोमवारी महाकाळांची सवारी निघते, राजा स्वतः प्रजेला भेटायला पालखीत बसून रामघाटावर जातो, आणि शहरातल्या शाळा सोमवारी बंद राहून रविवारी भरतात. मराठी घरांतला श्रावण लागायला अजून पंधरवडा होता, पण सुट्टी घेताना पंचांगावरून भांडायचं नसतं, एवढं शहाणपण इथल्या मराठी माणसाला आहे. सूर्य पूर्वेला उगवतो हे जसं कुणी कुणाला फोन करून कळवत नाही, तसं सावनातला सोमवार सुट्टीचा, हे पुण्याला कळवायचं सरांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांचा पुढचा आठवडा मंगळवारी सुरू होत होता. विहंगचा सोमवारी झाला.

सोमवारी दुपारी सर आणि कुसुमताई रामघाटावर जागा धरून बसले होते. पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. डमरू, झांजा, 'जय महाकाल'चा गजर. पालखी अजून वाटेतच होती. तेवढ्यात पाठशिखरनं दिवसाचा हिशेब केला. शाळेतलं एकही मूल एकाही तासाला आलेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपल्या परीनं त्याला काळजी वाटली, आणि त्यानं एकजात सगळ्या पालकांना निरोप धाडला: 'आपका बच्चा आज किसी भी पीरियड में उपस्थित नहीं था. कृपया तुरंत पुष्टि करें कि वह सुरक्षित है.' पालकानं ॲपमधलं हिरवं बटन दाबून पुष्टी करेपर्यंत दर थोड्या वेळानं तोच निरोप पुन्हा जाणार होता, घंटीसकट.

आधी एका बाईनं किंकाळी फोडली. तिचा मुलगा आजोबांबरोबर पुढच्या पायरीवर होता. मग तिकडून एक, इकडून दोन. "अरे मेरा गोलू कहाँ है!" गर्दीत आयाबाया मुलांच्या नावानं हाका मारू लागल्या. पोलिसांच्या भोंग्यावरून आधी एका मुलाचं नाव पुकारलं गेलं, मग दुसऱ्याचं, मग शिपाई वैतागून म्हणाला, "फ्रीगंज वाले स्कूल के सारे बच्चे जहाँ हैं वहीं खड़े रहें!"

"अहो, हे तर आपली शाळा म्हणताहेत," कुसुमताई म्हणाल्या.

सरांच्या खिशातला फोनही वाजला. मास्टर ट्रेनर म्हणून तोच निरोप त्यांनाही आला होता; तो वाचून ते ताडकन उठले. तेवढ्यात एक गृहस्थ गर्दी कापत आले. खांद्यावर मुलगी बसवलेली, डोळ्यांत पाणी.

"मास्साब! देखिए, मेरी बच्ची सुरक्षित नहीं है!"

"अरे भाई, ती तर तुमच्या खांद्यावर बसली आहे!"

गृहस्थांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. "पर इसमें तो लिखा है कि नहीं है."

सरांनी विहंगला फोन लावला. "अहो, बंद करा ते! आज सुट्टी आहे!"

"सुट्टी? सर, आज तर सोमवार आहे."

"सोमवार आहे म्हणूनच तर सुट्टी आहे! महाकाळ नगरात निघतात, हे काय सांगायला लागतं?"

"पण सर, सगळ्यांचं एकदम तुमच्या प्राचार्यांच्या खात्यावरूनच थांबेल."

प्राचार्या बॅरिकेडच्या पलीकडे, मान्यवरांच्या जागेत, फोन बंद करून हात जोडून उभ्या होत्या. सरांना मनातल्या मनात दहावी 'अ'च्या दारात अनिकेत सर दिसले. हातात डस्टर, ओठांवर हसू.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सरांचा हात सवयीनं खिशात गेला. खडू होता. शेजारी पंडाजींच्या छत्रीखालच्या दगडी ओट्यावर त्यांनी पाठशिखरचा पडदा काढला आणि वर्गात गोंगाट झाला की लावायचे तो आवाज लावला. "सब चुप! इधर देखो!"

अर्धा घाट गप्प झाला. त्यातले निम्मे बाप सरांचेच जुने विद्यार्थी होते. त्यांनी आपसूक हाताची घडी घातली.

"पहली बात, ॲप खोलो. दुसरी, पासवर्ड. पासवर्ड यानी बच्चे की जन्मतारीख."

इथे गाडी अडली. बापांना तारीख आठवेना, आणि आयांना नुसती तिथी ठाऊक. "गणेश चौथ के दूसरे दिन हुआ था, इतना पता है," एक बाई ठामपणे म्हणाल्या. शेवटी मुलांनाच विचारलं. त्यांना पाठ होती, केक त्यांच्या पोटात जाणार असतो ना! कुसुमताई पायऱ्या चढत-उतरत एकेकीला बजावत होत्या, "आधी पासवर्ड, मग हिरवं बटन, बाई. उलटं नको." ज्याचं जमलं तो दुसऱ्याला शिकवू लागला. पालखी घाटावर टेकेपर्यंत घंट्या थांबल्या होत्या, आणि मुलं, जी मुळात हरवलीच नव्हती, ती सगळी सापडली होती.

"महाराज, माझी दहावी तेवढी सांभाळा," पालखीकडे बघत सर पुटपुटले. डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मंगळवारी सकाळीच बोलावणं आलं. मॅडमच्या खोलीत खुद्द भय्यासाहेब बसले होते. सरांनी जाताच हात जोडले. "चूक माझी आहे. सोमवारचं सांगायचं माझ्याच्याने राहून गेलं."

"कैसी चूक?" भय्यासाहेब उठले आणि त्यांनी सरांना मिठीच मारली. "पुण्याहून फोन आला होता! एका दिवसात इतके पालक प्लॅटफॉर्मवर आले, असं त्यांच्या कुठल्याच शाळेत झालं नाही म्हणतात. विचारत होते, तुमच्याकडे पालकांचं ट्रेनिंग घेतलं कोणी?"

सरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे दहावी 'अ'..."

"दहावीचं काय घेऊन बसलात, सर!" मॅडमचा चेहरा आनंदानं फुलला होता. "आजपासून तुम्ही फुल टाइम मास्टर ट्रेनर. आपली शाळा, ट्रस्टच्या बाकी सगळ्या शाळा, पालक, सगळे तुमच्याकडे. तुमच्यासारख्या माणसाला एका क्लासमध्ये अडकवून ठेवणं म्हणजे वेस्टेज आहे."

"मग दहावी 'अ'वर कोण?"

"अनिकेत शेवडे."

"पण त्याच्याकडे सर्टिफिकेट नाही! तुमचाच नियम आहे, मॅडम!"

"म्हणूनच ना," मॅडमनी समजावलं. "ज्यांच्याकडे आहे ते सगळे तुमच्या ट्रेनिंगच्या टीममध्ये लागणार. क्लासवर जायला रिकामा तोच एक उरला."

सर बाहेर आले. दहावी 'अ'चं दार उघडं होतं. अनिकेत सर घामाघूम होऊन फळ्यावर त्रिकोण काढत होते आणि त्याच्या बाजू काही केल्या जुळत नव्हत्या. पुढच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. सरांचा हात खिशाकडे गेला. खडू रामघाटावर संपला होता.

दुपारी, रिकाम्या स्टाफरूममध्ये, त्यांचा फोन घंटीसकट वाजला. 'आप आज किसी भी पीरियड में उपस्थित नहीं थे. कृपया तुरंत पुष्टि करें कि आप सुरक्षित हैं.'

खाली हिरवं बटन होतं. अख्ख्या रामघाटाला ते दाबायला शिकवणारे फणसे सर त्याच्याकडे नुसते बघत बसले, आणि घंटी पुन्हा वाजली.