सोयाबीनचे मासे

ऐका! यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर जीभ झडो! पडेगावात कुणालाही विचारा. माणूस नाही भेटला तर तळ्याकाठच्या बाभळीला विचारा, तीपण मान डोलावील.

तर झालं असं, मनकर्णाबाईनं शेततळ्यातल्या माशांचं खाणं बदललं. आजवर माशांना माशाच्याच भुकटीचं खाद्य. त्याचा वास असा, की पाहुणा दारातूनच तब्येत विचारून परत फिरायचा. शेवटी बाईनं सोयाबीनची अन् शेंगदाण्याची पेंड भिजवली, गोळे केले आणि दिले तळ्यात सोडून.

"मासा हाय का म्हैस, पेंड खायला?" नवरा मोतीराम ओरडला. "रविवारी शहागंजातल्या शफीभाईच्या पोरीचा, सदफचा निकाह हाय. सगळे मासे आपलेच जाणार. वाळून काड्या झाल्या तर शहागंजात तोंड कुठं दाखवू?"

मासे वर आले, गोळे हुंगले आणि जावयासारखे रुसून तळाला गेले.

"बघ! घोडं इथंच पेंड खातंय," मोतीराम म्हणाला.

"घोडं खातंय हो, मासंच खाईनात!"

पण हार मानेल ती मनकर्णाबाई कसली! तिनं पेंडीला लसणाची चरचरीत फोडणी दिली. मासे असे तुटून पडले, की तळ्याला उकळी फुटली म्हणा. पुढं पुढं तर कढईवर उलथनं वाजलं, की सगळे काठाला हजर. एका कटला माशानं तर फोडणी करपली म्हणून तोंड फिरवलं.

त्या वासावर शेजारचे माळकरी साहेबराव आले. "वहिनी, पेंड खात्यात म्हंजे हे मासे शाकाहारीच की! मग मला एखादा चालंल?"

"बोकड तरी काय कबाब खातोय का, सायेबराव?"

साहेबराव हिरमुसले. पण औरंगपुऱ्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "मोतीरामचे मासे सोयाबीनचे!" तेच शहागंजात पोचलं आणि शफीची बायको फहमिदा नवऱ्याला ओढत तळ्यावर आली.

"क्या मनकर्णाभाभी! मेरी बेटी के निकाह में सोयाबीन की मच्छी? समधन पूछ रई, काँटे कायके हैं, प्लास्टिक के?"

"अगं बाई, पेंड माशाच्या पोटात हाय. मासा पेंडीचा नाय!"

"नक्को समझाओ! हम दुसरीकडून घेतो."

मोतीरामचा चेहरा पांढराफटक. मनकर्णाबाईनं कढई घेतली आणि उलथनं बडवलं. पाणी फुगलं, सगळ्यात थोराड कटल्यानं उडी मारली ती थेट फहमिदाच्या अंगावर, आणि शेपटीची एक सणसणीत गालावर!

फहमिदा मटकन खाली बसली. "या अल्लाह! सोयाबीन इतना जोर से मारता?"

"असली हाय ना?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"असली! और ये वाली समधन की प्लेट में रखो!" फहमिदा गाल चोळत म्हणाली.

निकाहाच्या जेवणात समधनबाईंनी, म्हणजे सदफच्या सासूनं, बोटं चाटली, काटा न् काटा चोखून पाहिला आणि दुसऱ्यांदा ताट पुढं केलं. तेव्हा मोतीरामनं भर मांडवात कान धरले. "चुकलो, मनकर्णे. तुझंच खरं."

आता जीभ झडायच्या आत सांगितलेलं बरं. कटला खरा, थप्पड खरी, करपलेल्या फोडणीचा रुसवाही खरा. मोतीराम 'चुकलो' म्हणाला, तेवढी मात्र थाप. असा नवरा अजून कुठल्या तळ्यात सापडलेला नाही.