मागच्या पत्र्यावरची पलटण

बाईंनी गाडी पुसली, चाकांतली हवा बघितली आणि मागे लावायची पाटी घ्यायला गच्चीत गेल्या. पाटी नव्हती. शनिवारी त्यांनी ती साबणाने धुऊन कठड्यावर वाळत घातली होती. पांढरी चुंबकी शीट आणि तिच्यावर लाल 'एल', म्हणजे शिकाऊ माणूस गाडी चालवतोय हे मागच्याला कळावं.

बाई गाडी चालवायला शिकवत. त्यांचे यजमान कवळ्या बनवत आणि उरलेल्या वेळात सैनिक रंगवत. तांदळाच्या दाण्याएवढे सैनिक, एकेका पट्टीवर चार. दर रविवारी समोरच्या चष्मेवाल्याशी टेबलावर लढाई चाले. पण सैनिक इतके हलके, की कुणाचं कोपर लागलं तरी फौज आडवी होई. चष्मेवाल्याने उपाय सांगितला होता, पट्ट्यांखाली चुंबकी शीट चिकटवा आणि फौज पत्र्यावर उभी करा, मग मजाल आहे कुणी पडेल. शीटसाठी बाजारात जायचं यजमानांच्या जिवावर आलं होतं. रविवारी गच्चीत एक शीट ऊन खात पडलेली दिसली. टाकूनच दिलेली असणार, असा सोयीचा विचार माणूस अशा वेळी फार लवकर करतो.

"अहो, माझी पाटी बघितलीत?"

यजमानांनी ब्रश खाली ठेवला. "कुठली, कठड्यावरची?"

"कठड्यावरचीच."

"ती आता पाटी राहिली नाही गं," ते म्हणाले आणि त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. आत फौज ताठ उभी होती. बाईंनी एक पट्टी उचलून तिच्या खालचा तुकडा निरखून बघितला. बाई इतक्या शांतपणे बघायला लागल्या की पुढे काय होतं, हे यजमानांना चोवीस वर्षांच्या संसारामुळे ठाऊक होतं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे बाईंच्या विद्यार्थिनी, रुग्णालयात नर्स. घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची नवी नोकरी त्यांना मिळाली होती, पण परवाना असेल तरच. रुजू व्हायचं उद्या आणि परीक्षा आज नऊला. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यांनी ब्रेक असा मारला होता, की परीक्षकांचं पेन मागच्या सीटखाली सापडलं. दुसऱ्या खेपेला कागदावर काढलेला 'एल' वाऱ्याने सुटला आणि मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसला. तेव्हापासून परीक्षकांनी कागद बंद केला होता आणि बाईंनी चुंबकी पाटी आणली होती. दुकानं उघडायची दहाला. सिस्टरांचे डोळे भरून आले, आणि यजमानांना खरोखरच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण रडत बसणं हा नर्सचा स्वभाव नव्हे. त्यांनी डब्यात डोकावून बघितलं.

"सर, हे लाल डगलेवाले किती आहेत?"

"छत्तीस पट्ट्या."

"आणि गाडी पांढरी आहे," सिस्टर म्हणाल्या.

पाऊण तासात गाडीच्या मागच्या पत्र्यावर पलटण चढली. उभ्या रेघेत चोवीस पट्ट्या, पायाशी आडव्या बारा. सगळे सैनिक रस्त्याला समांतर, भाले मागच्या गाडीवर रोखलेले. लांबून बघितलं तर स्वच्छ लाल 'एल'. यजमानांनी सिस्टरांना एवढंच सांगितलं, की हे रंगवायला दोन वर्षं लागलीत.

परीक्षा मैदानावर परीक्षक गाडीमागे वाकले. चष्मा काढून, पुसून पुन्हा वाकले.

"यात माणसं आहेत."

"एकशे चव्वेचाळीस," यजमानांच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"बाहेर लटकून प्रवास करायला परवानगी नाही," परीक्षक गंभीरपणे म्हणाले. मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढून चाळलं. अक्षर लाल हवं, मागे पांढरं हवं आणि पाटी घट्ट बसलेली हवी. अक्षर कशाचं हवं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "ठीक आहे. पण यातला एक जरी पडला, तरी पाटी घट्ट नव्हती असं मी धरीन."

यजमान बाकावर डोळे मिटून बसले. बाई शेजारून हळू आवाजात सांगत होत्या, आता चढ, आता वळण, आता गतिरोधक. गतिरोधकावरून गाडी अशी गेली, जसं जिन्यावरून स्ट्रेचर उतरवावं. मागे घेताना तर गाडीचा आवाजसुद्धा आला नाही. ब्रेक कधी लागला तेही कळलं नाही.

गाडी थांबल्यावर परीक्षकांनी बोटाने पट्ट्या मोजल्या. छत्तीस. मग पुन्हा मोजल्या.

"आज तुम्हाला झालं तरी काय?" त्यांनी सिस्टरांना विचारलं.

"दरवेळी मला तुमची भीती वाटायची, साहेब. आज मागच्या पेशंटांची वाटली."

परीक्षकांनी कागदावर सही केली. सिस्टर बाईंच्या गळ्यात पडून रडल्या, आणि यजमानांचेही डोळे पाणावले, पण ते पलटण उतरवून घेत असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळी यजमान बाजारात गेले आणि कोरी करकरीत पाटी घेऊन आले. चांगली जाड, पहिलीपेक्षा मोठी. बाईंसमोर ती ठेवून ते अपराधी चेहऱ्याने उभे राहिले.

बाईंनी पाटी उलटसुलट करून बघितली. मग कपाटातली कात्री काढली आणि पाटीवर ठेवून दोन्ही त्यांच्या हातात दिल्या.

"गुरुवारी आणखी दोघांची परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या बाजूलाही छत्तीस लागतील."