रगड धरली का?

सरकारी समारंभाच्या पताका लावताना मी आमच्या शाळेच्या, म्हणजे मदरशाच्या, दारात शिडीवरून पडलो. पोरं ओरडत धावली, चपराशी पाणी आणायला पळाला, आणि आप्पा मास्तर माझ्यापाशी गुडघ्यावर बसून म्हणाले, "मास्तर, किती हातांवर व्हता तुमी?"

मी कण्हत म्हटलं, "असेन आठेक हात."

"मंग सेकंदभर बी लागला न्हाय तुमाला खाली यायाला. पर सुटं पडलाव का शिडीला घासत आलाव? घासत आला आसाल तर रगड धरावी लागंल."

पायाचं काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही. घासत आलो हे कळल्यावर मात्र त्यांनी मला गव्हाच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि थेट हकिमाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. वाटेत एकदाही थांबले नाहीत. नव्या उत्तराची आकडेमोड मात्र माझ्या पोटाखालून सतत ऐकू येत होती.

ही गोष्ट निजामी अमलातल्या परंड्याची. तिकडं जर्मनीची मोठी लढाई चालू होती आणि इकडं आमच्या मदरशात सगळं शिक्षण उर्दूत चालू होतं. मी मराठी शिकवायचो, म्हणजे फारसं कुणी विचारत नसे. आप्पा मास्तर शास्त्र शिकवायचे. त्यांचं पूर्ण नाव शिवलिंगप्पा. अणदूरकडचे, गळ्यात लिंग, घरची बोली कानडी, बाजारातली मराठी आणि वर्गातली उर्दू. राग आला की तिन्ही एकदम यायच्या.

आणि राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. उर्दू पुस्तकात गती, जोर आणि काम यांची जेवढी गणितं होती, त्या प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ छापलेली असे : 'रगड को नजरअंदाज किया जाए.' रगड म्हणजे घर्षण. ते सोडून द्या आणि गणित करा, असा त्याचा अर्थ.

"अय्यो! सोडून द्या?" आप्पा पुस्तक टेबलावर आपटायचे. "माणूस हुबा ऱ्हातो रगडीवर. गाडी थांबती रगडीवर. ती सोडली तर ऱ्हायलं काय? ह्या पुस्तकवाल्याला येकदा परंड्याच्या रस्त्यानं बैलगाडीतून आणा!"

मग ते गणित बदलायचे. पुस्तकात आगगाडी असली की इथं कडब्याची गाडी यायची. एका गणितात लाकडाचा ठोकळा बर्फावरून घसरत होता. आमच्या पोरांनी बर्फ बघितला नव्हता, म्हणून आप्पांनी चिखल घेतला, आणि चिखल घेतल्यावर अर्थातच रगड आली. त्यामुळं आमच्या पोरांच्या वहीत प्रत्येक गणिताला दोन उत्तरं असायची, एक पुस्तकाचं आणि एक परंड्याचं.

गावात कुणीही भेटलं की आप्पा रामरामाऐवजी गणितच घालायचे. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला थांबवून तिनं आतापर्यंत किती काम केलं ते सांगायचे. ती म्हणायची, "मास्तर, आदी वाट सोडा, मंग सांगा." उत्तर कुणी दिलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला : "रगड धरली का?"

आता त्यांच्या देहाबद्दल सांगायला हवं, कारण तो टाळून आप्पांबद्दल काही सांगताच येत नाही. वजन तीन मण. हे मी अंदाजानं सांगत नाही. दर बाजाराच्या दिवशी ते आडत्याच्या मोठ्या काट्यावर स्वतः चढायचे आणि आकडा वहीत टिपून घ्यायचे. पोरं त्यांना 'बुरूज' म्हणायची. ते कानावर आलं तर म्हणायचे, "बुरूज ढळत न्हाय, ध्येनात ठेवा."

लढाईमुळं पेट्रोल मिळत नसल्यानं कुर्डुवाडीची मोटार तेव्हा कोळशाच्या वायूवर चालायची, म्हणजे मुख्यतः प्रवाशांनी ढकलल्यावर चालायची. चढ आला की ड्रायव्हर पहिल्यांदा आप्पांना उतरवायचा. उतार आला की म्हणायचा, "मास्तर, बसा बसा, पळू द्या गाडी." त्यांच्या शेजारी मात्र कुणी बसत नसे. बसलं की बाक त्यांच्याकडं कलायचा आणि बसणारा घसरत जाऊन त्यांच्यावर पडायचा. माणसं उभी राहायची, पण ती जागा रिकामी असायची. आप्पा तिथं आपली छत्री आणि पुस्तकांची पिशवी व्यवस्थित मांडून ठेवायचे, जागा जणू त्यांनीच अडवली आहे अशी.

लग्न झालं नव्हतं. नळदुर्गाकडं एकदा मुलगी बघायला गेले, तर बसायला दिलेला पाट मोडला. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून निघून आला असता. आप्पांनी मोडलेले दोन तुकडे हातात घेतले आणि मुलीच्या बापाला दाखवलं, "ह्ये बगा, हितं गाठ हाय. भार नेमका गाठीवर आला. दोस माजा न्हाय, लाकडाचा हाय." लाकडाचा दोष सिद्ध झाला, लग्न मात्र मोडलं. पुन्हा कुठं बघायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर असे हे आप्पा. घंटेआधी पाव तास हजर असणारे. एका हिवाळ्यात ते उशिरा यायला लागले. आधी दोन मिनिटं, मग चार, मग दहा. धोतराला मागून चिखलाचा पट्टा. कोट अंगात ढिला झालेला. पंचेचाळिशीतला ब्रह्मचारी बारीक होतोय म्हटल्यावर गाव थोडंच गप्प बसणार? मास्तरांचं कुठंतरी जमलंय, असं न्हाव्याच्या दुकानात ठरूनसुद्धा गेलं.

आमचे हेडमास्तर भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं. "क्या है जी, आप्पासाब को हुआ क्या? चार रोज में मोहतमिम साब मुआयने को आते. घंटी के वक्त मास्तर हाजिर नहीं, तो रिपोर्ट होती. रिपोर्ट हुई तो बदली सीधी तेलंगाने में. आप जरा पूछो ना." मोहतमिम म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस आणि मुआयना म्हणजे त्यांची तपासणी.

विचारलं असतं तर आप्पांनी गणित घातलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दिवस उजाडताच मी त्यांच्या मागं निघालो. गावाबाहेर दगडू माळ्याच्या मळ्याकडं ते वळले. दगडूचा पाय मोडला होता, तो खाटेवर पडून होता हे मला ठाऊक होतं. मी बांधाआड उभा राहिलो आणि जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढं आहे.

विहिरीवर मोट चालली होती. दगडूची बायको गंगूबाई बैल हाकत होती. बैल धावेच्या, म्हणजे त्यांच्या ये-जा करायच्या वाटेच्या, उतारावरून खाली चालत होते, दोर ताणला होता, विहिरीतून चामड्याची भरली मोट वर येत होती, आणि बैलांच्या मागं त्या ताणलेल्या दोरावर, धोतर खोचून, डोळे मिटून, आमचे शास्त्राचे मास्तर बसले होते.

मोट हाकणारा दोरावर बसतो हे कुणबी-माळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या वजनानं बैलांची ओढ हलकी होते. पण तीन मणांचा मोटकरी मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

मोट वर येऊन पाणी पाटात पडलं. बैल मागं सरकत चढू लागले आणि आप्पाही हाशहुश करत धाव चढू लागले. वर आले, मला बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

गंगूबाईच म्हणाली, "गुर्जी, तुमी तरी सांगा ह्यास्नी. लई दमत्यात. आमचा सरदार बैल म्हातारा झालाय, धावंवर मधीच बसायचा. म्या दोरावर बसले तर दोराला कळत बी न्हाय. वांगी वाळून चालली व्हती. मालक खाटंवर. सरदाराला इकावं म्हणलं, तर म्हाताऱ्या बैलाला कसायाबिगर कोन घेतंय? तवर ह्ये मास्तर आले गणितासाटी सुतळी घिऊन धाव मोजाया. सरदार बसला, तशी सुतळी टाकली नि दोरावर चढले. दोन म्हैने झालं, खाडा न्हाय."

आप्पा धापा टाकत खाली बसले. "मास्तर, गणित सोपं हाय. समदं धरलं म्या. चाकाची रगड धरली, दोराचं वजन धरलं. कुटं बसलं म्हंजी बैलाच्या मानंवर भार येणार न्हाय, ते बी काडलं. पर येक इसरलो."

"काय?"

"खाली जाताना म्या वजन देतो. पर वर येताना तेच वजन उचलून आणावं लागतं, सकाळच्या साठ मोटा, साठ येळा. त्ये काम कोन करतंय? म्याच की! म्या झिजीन, ह्ये धरलंच न्हाय." त्यांनी खिशातून वही काढली. "दहा शेर उतरलो. भाकऱ्या पाचाच्या आट केल्या, तरी उतरतोयच. वजन उतरलं की बैलावर वढ येती. बैल हळू चालतो. मोटा उशिरा सरत्यात. घंटा चुकती."

जन्मभर ज्या वजनावर गाव हसलं, ते दहा शेर कमी झालं म्हणून हा माणूस हिवाळ्यात घाम पुसत चिंता करत होता. 

"अहो, मग कुणाला तरी सांगायचं," मी म्हणालो. "बदली झाली तर इथं कोण बसणार आहे?"

"त्योच तर घोर हाय." ते वहीकडं बघत राहिले. "पर सांगायचं कसं? शेजारी यिऊन बसा, आसं कुणाला म्हणायची सवं न्हाय मला."

मी सव्वा मणाचा माणूस. माझ्या वजनाचा उपयोग तोवर कुणालाच झाला नव्हता. मुआयन्याच्या दिवशी उजाडताच मी धोतर खोचून विहिरीवर गेलो. आप्पा दोरावर बसले, त्यांच्या मागं मी. बैल निघाले, दोर आप्पांखाली वाकला आणि मी सरकत सरकत जाऊन त्यांच्या पाठीवर आदळलो.

"ह्ये बी धरलं नव्हतं," आप्पा पुढं बघत म्हणाले.

पण सरदार झपझप चालला. साठ मोटा लवकर सरल्या. घंटेआधी पाच मिनिटं आम्ही दोघं मदरशात होतो, दोघांच्या धोतराला चिखलाचा एकसारखा पट्टा. हेडमास्तरांनी तो बघितला आणि खिडकीबाहेर नजर वळवली. मोहतमिम साहेबांनी आप्पांच्या वर्गात उतारावरून ओझं ओढायचं गणित घातलं. पहिल्या बाकावरचा पोरगा उठला आणि अदबीनं म्हणाला, "हुजूर, रगड धरून का सोडून?" साहेबांनी पुस्तक बघितलं, आप्पांना बघितलं आणि खो खो हसले. बदलीचं नाव निघालं नाही.

दगडूचा पाय बसेपर्यंत मी रोज जात राहिलो. सकाळी उठायचा मला कंटाळा, तरी जात राहिलो. सरदार विकला गेला नाही. वांगी तर इतकी आली की दोन्ही मास्तरांच्या घरी महिनाभर दुसरी भाजी शिजली नाही.

पुढं उन्हाळ्यात मी कुर्डुवाडीच्या मोटारीत चढलो. गाडी भरलेली, माणसं दांडीला धरून उभी. मागच्या बाकावर आप्पा, शेजारी छत्री आणि पिशवी. मीही सवयीनं दांडी धरली. आप्पांनी मला बघितलं. छत्री उचलली, पिशवी उचलली, दोन्ही मांडीवर घेतली आणि बाकावरची धूळ हातानं झटकली.

"बसा," ते म्हणाले. "जरा कलतंय, पर बसा."

मी बसलो आणि बाक कलल्याबरोबर नेहमीसारखा घसरत जाऊन त्यांच्या खांद्याला टेकलो. कुर्डुवाडी येईपर्यंत आप्पांनी मला एकही गणित घातलं नाही.