गोळीची बदली

नेमून दिलेल्या कामापेक्षा जास्त काम करायचं नाही, हा नियम हेडक्लार्कांनी कचेरीत वीस वर्षं कसोशीने पाळला होता. तो त्यांनी नेमका घरी मोडला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

त्यांची लेक दोन दिवस शाळेच्या सहलीला निघाली होती. निघताना तिने आपला हातात मावणारा गेम त्यांच्या स्वाधीन केला. त्यात लहान मुलांचा बेसबॉलचा संघ होता. चौदा खेळाडू, एकेकाला नाकडोळ्यांसकट तिने स्वतः घडवलेलं. तीन महिने खपून तिने संघ अंतिम फेरीपर्यंत आणला होता आणि सामना शनिवारी, ती परतल्यावर होता.

"बाबा, रोज एकदा चालू करायचा. 'सराव' दाबायचं, मग 'बंद'. नाहीतर मुलं रुसतात. बाकी कशालाही हात लावू नकोस."

"अगं, मी चाळीस माणसांची आस्थापना सांभाळतो."

"म्हणूनच सांगतेय," लेक म्हणाली.

गुरुवारी त्यांनी 'सराव' दाबलं. 'बंद' दाबणारच होते, तेवढ्यात पडद्यावर खेळाडूंची यादी आली, आणि प्रत्येक नावापुढे रुजू झाल्याची तारीख. आता रुजू झाल्याची तारीख दिसली की हेडक्लार्कांचा हात आपोआप पुढे होतो (लग्नात आहेराची यादी पाहूनही झाला होता). त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्यांना धक्काच बसला.

"हा सरळसरळ अन्याय आहे," ते म्हणाले.

"कुणावर?" बायकोने शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता विचारलं. ती घरीच कपडे शिवून द्यायची. मापं लिहायची पेन्सिल कायम अंबाड्यात खोचलेली.

"ढिम्मवर. संघात पहिल्या दिवसापासून आहे बिचारा, आणि तीन महिने नुसता बाकावर बसवलाय."

"काही काम येतं का त्याला?"

"कामाचा आणि सीनियॉरिटीचा काय संबंध?"

ढिम्म दिसायला गोलमटोल होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. हेडक्लार्कांना तो बघताक्षणी आवडला. त्यांनी त्याला बाकावरून उठवून थेट संघात घेतलं आणि मग ते गेममध्ये रीतसर बसलेच.

एकामागून एक अर्ज यायला लागले. एकाचं पोट दुखत होतं, एकीची गाण्याची परीक्षा होती. खरं तर गेम खेळणाऱ्याने अशा वेळी 'थांब ना रे' हे बटण दाबायचं असतं, की मूल खुशीत थांबतं. पण शेजारीच 'मंजूर' होतं. कचेरीत मंजूर म्हणायला तीन सह्या आणि तीन आठवडे लागतात, इथे अंगठा टेकवला की काम फत्ते. त्या सुखात त्यांनी चार रजा मंजूर केल्या.

शुक्रवारी गोळी आली. गोळी म्हणजे संघाची चेंडू फेकणारी. ठेंगणी, अंबाड्यात पेन्सिल, नजर अशी की समोरच्याने आपली चूक आधी कबूल करावी. तिने विचारलं, 'दुसऱ्या संघाचं बोलावणं आलंय. जाऊ का?' विनंती बदली, तिकडे जागा रिकामी, कुणाची हरकत नाही. इतकं स्वच्छ प्रकरण हेडक्लार्कांनी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. त्यांनी 'मंजूर' दाबलं आणि चहा मागितला.

शनिवारी दुपारी लेक आली, पायातले बूट न काढताच गेम उघडून बसली.

"बाबा, गोळी कुठाय?"

"तिची बदली झाली."

"कुठे?"

हे मात्र हेडक्लार्कांनी वाचलं नव्हतं. लेकीने वाचलं. गोळी गेली होती ती अंतिम सामन्यातल्या समोरच्या संघात. लेक ओरडली नाही, रडलीही नाही. तिने गेम मांडीवर पालथा ठेवला.

"तीन महिने लागले होते, बाबा."

 नियमावलीतलं एकही कलम हेडक्लार्कांना आठवेना. "परत बोलावता येईल?" त्यांनी विचारलं. मोसम संपेपर्यंत येत नव्हतं. रजेवर गेलेलेही सोमवारी उगवणार होते. उरले मोजून नऊ, त्यात ढिम्म.

तरीही लेक जिवाच्या आकांताने खेळली. बायको मशीन सोडून मागे येऊन उभी राहिली. शेवटचा डाव, तीन-तीन बरोबरी, दोन गडी बाद, धावेच्या वाटेवरच्या तिन्ही टप्प्यांवर आपली मुलं उभी. एक धाव की सामना खिशात. आणि फलंदाजीला पाळी आली ढिम्मची.

लेकीने गेम वडिलांच्या मांडीवर ठेवला. "तूच खेळ आता. तुझाच सीनियर आहे."

हेडक्लार्क बॅट फिरवायचं बटण शोधेपर्यंत गोळीचे दोन चेंडू सणसणत गेले. अजून एक असाच गेला की ढिम्म बाद आणि डाव खलास. शेवटी बटण सापडलं, त्यांनी अंगठा उचलला.

"थांब," लेकीने त्यांचं मनगट धरलं. ती पडद्याकडे टक लावून बघत होती. गोळी पाय आपटत होती. "काही करू नकोस. समोरचा हललाच नाही की ती चिडते, आणि चिडली की तिचा नेम जातो."

काही न करणं हेडक्लार्कांना जमण्यासारखं होतं. ते बसून राहिले, ढिम्म उभा राहिला. गोळीचा पुढचा चेंडू बाहेर गेला, त्यापुढचा डोक्यावरून, मग जमिनीत, मग पार भलतीकडे. असे चार चेंडू वाया गेले की फलंदाजाला पुढचा टप्पा आयता मिळतो. ढिम्म रमतगमत निघाला, त्याच्यापुढचे तिघे एकेक टप्पा सरकले आणि सगळ्यात पुढचा सुरुवातीच्या जागी परत पोचला, म्हणजे धाव झाली. सामना जिंकला.

लेक वडिलांच्या गळ्यात पडली. पडद्यावर अक्षरं आली, 'सामनावीर: ढिम्म'.

"बघितलंत? सीनियॉरिटी," हेडक्लार्क म्हणाले. 

"पण हा ढिम्म काढलास कुणावरून गं?" बायकोने विचारलं.

लेक वडिलांच्या नाकाच्या शेंड्यावर आलेल्या चष्म्याकडे बघत राहिली. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"आणि गोळी?"

लेकीने आईच्या अंबाड्याकडे पाहिलं. बायकोने हळूच हात मागे नेऊन पेन्सिल चाचपली.

"म्हणजे माझी बदली यांनी मंजूर केली. किती विचार करून?"

गेममध्ये सगळ्याची नोंद असते. लेकीने ती काढली. "चार सेकंद."

"ते प्रशासकीय—" हेडक्लार्कांनी सुरुवात केली.

"मी आता पलीकडच्या संघात," बायको शांतपणे म्हणाली. "तुमच्या संघाच्या जेवणाचं तुमचं तुम्ही बघा. परत यावं असं वाटत असेल तर अर्ज करा."

हेडक्लार्कांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, दोन प्रतींत, आणि मशीनवर ठेवला. बायकोने तो हातात घेतला, घड्याळाकडे पाहिलं, अंबाड्यातली पेन्सिल काढून कोपऱ्यात शेरा मारला आणि परत दिला.

'चार सेकंद विचार केला. नामंजूर.'