आबा शिवलकरांची भट्टी

आबा शिवलकर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आधी गाडीच्या चाकाकडे बघत, आणि चाक बघून झालं की माणूस बघायचा बहुधा राहूनच जाई. एकदा रत्नागिरीच्या मांडवीला समुद्र बघायला कोणी मोठे साहेब आले. गाडीचं दार उघडून त्यांनी पाय खाली टाकला, तोच आबा पुढच्या चाकापाशी वाकले. साहेबांना वाटलं, म्हातारा पाया पडतोय. त्यांनी अवघडून आबांच्या डोक्यावर हात ठेवला. आबा खालूनच म्हणाले, "जरा बाजूला ऱ्हवा, उजेड अडतोय."

हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, कारण ऐंशी सालानंतरची आठ-नऊ वर्षं मी मांडवीला आबांच्या शेजारी काढली. मी शाळामास्तर. आबांचा धंदा गाड्यांची चाकं नवी करून द्यायचा. टायर नव्हे, टायरच्या आतली लोखंडी रिम. समुद्राचा खारा वारा रत्नागिरीतल्या कुठल्याही गाडीची रिम दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतो. आबा तिचा जुना रंग खरवडत, गंज घासत, खड्डे बुजवत आणि डोळे मिटून सगळ्या कडेवरून बोटं फिरवत. बोटाला कुठे जरासं अडलं, की पुन्हा घासायला सुरुवात. गिऱ्हाईक म्हणे, "आबा, दिसत तर काही नाही." त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर असे, "डोळं फसतात. बोटाला इचारा."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, चाकं राहत. आमचे डॉक्टर म्हणजे 'पुढचा डावा चेपका'. मी त्यांच्या हिशेबी कुणीच नव्हतो, कारण माझ्याकडे स्कूटर होती. माझं चाक हातात घेऊन ते एकदा म्हणाले, "मास्तर, ह्या काय चाक हाय? ह्यो पेढा हाय." समुद्राशी तर त्यांचं उघड वैर होतं. लोक पैसे खर्चून ज्या समुद्राकडे बघायला येत, त्याच्याकडे पाठ करून आबा आयुष्यभर बसले.

पण खरी गंमत त्यांच्या भट्टीत होती. तरुणपणी आबा मुंबईला पंख्यांच्या कारखान्यात रंगखात्यात होते. रंग नुसता फासून टिकत नाही, तो भाजावा लागतो, हे ते तिथे शिकले. कारखान्याच्या भट्टीला उष्णता दाखवणारा काटा होता. आबांची भट्टी म्हणजे लिलावात घेतलेलं लोखंडी कपाट. ते चार चिऱ्यांवर उभं केलेलं आणि खाली करवंट्यांचा जाळ. त्याला काटा कुठून आणणार? आबा काट्याच्या जागी पापड टांगत.

उडदाचा घरचा पापड तारेला अडकवून कपाटात सोडायचा. कडा वळल्या आणि बदामी झाल्या, की उष्णता बरोबर. पापड बाहेर, चाक आत. मग त्या भाजलेल्या पापडाचे दोन तुकडे होत, अर्धा आबांना, अर्धा गिऱ्हाइकाला. बागायतदार असो की वकील, आबांच्या पायरीवर बसून अर्धा पापड खाल्ल्याशिवाय कुणाचं चाक घरी गेलं नाही. एकदा घरचा डबा हाताशी नव्हता म्हणून त्यांनी विकतचा टांगला. तो जाड निघाला, भाजायला वेळ लागला, तोवर भट्टी फार तापली, आणि डॉक्टरांच्या गाडीची रुपेरी चाकं चहाच्या रंगाची होऊन बाहेर आली. तेव्हापासून पापड फक्त घरचा.

त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांची काकी, कपाळावर हात मारून घेई. "जगाचे नवरे पापड पानात घेतात गो," ती माझ्या बायकोला, शुभाला, सांगे, "माझा कपाटात टांगतो." पण दर वैशाखात काकी पापडांचा मोठा घाट घाली. आमच्या आळीतल्या चार घरच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जमत. पीठ काकीचं, हात सगळ्यांचे. आबा कावळे हाकत बाजूला बसत आणि हळूच एकेक पापड बोटांत धरून बघत. काकी ओरडे, "ठेवा तो खाली, ता चाक नाय."

एका मार्गशीर्षात काकी गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आबांनी तेराव्यानंतर भट्टी पेटवली. गिऱ्हाइकाला अर्धा पापडही मिळत राहिला. आम्हाला वाटलं, सावरले. आणि फाल्गुनात एक दिवस त्यांनी भट्टीतली राख काढली, कपाट पुसलं आणि कुलूप लावलं. चाकं घेऊन आलेल्यांना ते सांगू लागले, "कोल्हापूरला न्हेवा." माणसं रागावली. म्हातारा माजला म्हणाली. मला मात्र त्यांची काळजी वाटू लागली, कारण चाक हातात नसलेले आबा मी कधी बघितले नव्हते. दिवसभर ते पायरीवर बसत आणि रिकामी बोटं एकमेकांवर घासत. असंच चाललं तर हा माणूस वर्षभरही काढणार नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी माझ्या स्कूटरचं चाक घेऊन मी गेलो. म्हटलं, पेढा तर पेढा. आबांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"पापड संपले, मास्तर," ते म्हणाले.

घरी येऊन मी शुभाला सांगितलं. ती उसळलीच. "एवढंच ना? काकींच्या हातचेच हवेत असं धरून बसलेत. त्यातले निम्मेअधिक आम्हीच लाटले होते." वैशाख लागल्यावर चारही घरच्या बायका आमच्या अंगणात बसल्या. काकीच्या प्रमाणाने पीठ मळलं, आणि पापड वाळल्यावर शुभा डबा घेऊन निघाली. तिला स्पष्ट बोलायची सवय आहे, म्हणून मी मागोमाग गेलो.

"आबा, रागावू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही काकींचे म्हणून जे वापरलेत, त्यातले किती तरी आमचे होते."

आबांनी डब्यातला एक पापड उचलला, डोळे मिटले, कडेवरून बोट फिरवलं. "ह्यो तुझा. तुझा हात कडेला जड पडतो." दुसरा घेतला. "ह्यो पलीकडल्या सुमनचा. मधी पातळ." डोळे उघडून ते म्हणाले, "मला काय ठाऊक नाय होय गो?"

मग ते आत गेले आणि काकीचा जुना डबा घेऊन आले. झाकण काढून आमच्यापुढे धरला. तळाशी अकरा पापड होते.

"तुमचे सगळे चाकांना घातले," ते म्हणाले. "ह्ये तिचे."

शुभाने पदर तोंडाशी नेला.

आबांनीच कुलूप काढलं. माझं चाक मागवून खरवडलं, रंगवलं. करवंट्या पेटल्या, शुभाचा पापड तारेला चढला, कडा बदामी झाल्या आणि माझ्या स्कूटरचं चाक आत गेलं. अर्धा पापड माझ्या हातात आला. आबांनी आपला तुकडा मोडून तोंडात टाकला.

"मीठ कमी हाय."

"काकींचंच प्रमाण आहे हो," शुभा म्हणाली.

"तिचा पण कमीच असायचा. कधी बोललो नाय." थोडा वेळ ते चावत राहिले. मग डब्याचं झाकण लावता लावता त्यांनी विचारलं, "शुभाबाय, पापड किती वर्सं टिकतो गो?"

शुभा दर वर्षी जुने पापड पावसाआधी संपवून टाकणारी. ती म्हणाली, "ऊन दाखवत राहिलात तर पुष्कळ."

भट्टी पुन्हा सुरू झाली. फक्त वैशाखात एक दिवस आबा ती बंद ठेवत. खळ्यात धुतलेलं धोतर अंथरून त्यावर अकरा पापड मांडत आणि काठी घेऊन शेजारी बसत. अशाच एका दुपारी मी त्यांच्याजवळ उभा असताना रस्त्यावर एक गाडी थांबली. चारही चाकं गंजून पार लाल झालेली. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, हाक मारली, पुन्हा हॉर्न वाजवला. आबांनी वर बघितलं नाही. ते एकेक पापड दोन बोटांनी उचलून हळूच दुसऱ्या अंगावर पालटत होते.