अण्णांचा पडदा, माझा गुरुवार

मोशीतल्या आमच्या घरात लोकशाही आहे, निदान कॉम्प्युटरवर तरी. आणि ती मी आणली आहे! नवऱ्याच्या, म्हणजे रविराजच्या, कंपनीने भंगारात काढलेला एक डबा तो घरी घेऊन आला. विकतची सिस्टीम त्यावर दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. मी फुकटातली, सगळ्यांना खुली असलेली लिनक्स सिस्टीम टाकली, जिच्यात स्क्रीनचं रूप हवं तसं बदलता येतं, आणि जाहीर केलं, "ज्याला जसा पडदा हवा, तसा निवडा!"

निवडले की! रविराजने साधा. धाकट्या दिराने, गणराजने, लग्नाच्या मांडवासारखा लखलखता. आणि सासऱ्यांनी, अण्णांनी, मोठ्या अक्षरांचा जुनापुराणा. निवडायला तिघं, सांभाळायला मी! अपडेट आलं की एकाचं चालायचं, दुसऱ्याचं झोपायचं. मांडीवर माझी तान्ही लेक चिऊ आणि एका हाताने माझी दुरुस्ती.

मग बातमी आली, अण्णांचा पडदा पुढच्या व्हर्जनमधून काढणार. तो हौसेने, फुकटात सांभाळायला माणूसच उरला नव्हता.

"काढनार?" अण्णा कडाडले. "आमी वापरतोय की!"

"वापरणारे रग्गड आहेत हो अण्णा. दुरुस्त करणारं कुणी नाही."

"मग तू हायेस की, सूनबाई!"

आणि मी पुरीसारखी फुगले! दिलं त्या पडद्याची राखणदार म्हणून इंटरनेटवर नाव नोंदवून. चिऊचा डोळा लागला की मी देशोदेशीच्या अनोळखी लोकांच्या तक्रारी निस्तरायला बसायची. एकाने तर खडसावलं, 'निवड हा आमचा हक्क आहे!' मी ते कुकरसमोर उभी राहून वाचलं, चिऊला खांद्यावर थोपटत. ह्या हक्काची धुणीभांडी कोण करतं, ते कुणी विचारलं नाही.

अशात चाकणच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. व्हिडिओवरच. चिऊच्या वेळी सुटलेलं काम परत मिळणार होतं, तेही घरी बसून! वेळ मी मोठ्या हुशारीने निवडली, गुरुवार सकाळ. गुरुवारी आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी, त्या कंपनीचं ऑफिस मात्र चालू. रविराज घरी, चिऊ त्याच्याकडे. झकास!

एवढंच विसरले, की सुट्टी गणराजलाही असते.

कॉल लागला. समोरचे साहेब माशासारखं तोंड उघडत-मिटत होते. आवाज नाही!

"गणराज! काय केलंस?"

"गेममध्ये खरखर यायची ना वहिनी. म्हणून आवाजासाठी दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. तूच म्हणालीस, निवडा!"

"सूनबाई," आतून अण्णा, "त्ये झालं की माझी अक्षरं बघ, मुंगीएवढी झाल्यात!"

"स्वप्ना," दारातून रविराज, "चिऊला लंगोट कुठला घालू? पांढरा का फुलाफुलांचा?"

"कुठलाही घाल!"

शेवटी रविराजचा मोबाइल हिसकावला, स्वयंपाकघरात पळाले आणि पिठाच्या डब्याला टेकवून मुलाखतीला बसले. साहेबांनी विचारलं, "ग्राहकांना वीस पर्याय हवेत आणि आपली माणसं दोन. तुम्ही काय कराल?"

"एक ठेवीन, एकोणीस काढून टाकीन!" माझा आवाज चढला. "मागणाऱ्याचं काय जातं हो? तो निवडून मोकळा होतो. रात्रंदिवस उस्तवारी करणारी बाई दिसते का कुणाला?"

साहेब म्हणाले, "मॅडम, आमची जाहिरातच पर्यायांची आहे. कळवतो."

संध्याकाळी कळवलं. नको म्हणून.

चिऊने माझं नाक ओढून पाहिलं. अण्णा दाराशी आले, घसा खाकरला. "काढ त्यो माझा पडदा. तुझ्या जिवाला घोर नको, पोरी."

पोरी! भरूनच आलं मला. त्या भरात धीरही आला. "मग आजपासून स्वयंपाकही एकच," मी म्हणाले. "खिचडी! अण्णांची भाकरी बंद, रविराजची पोळी बंद. सांभाळायला माणूस नाही."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बंद? अगं, आमी खातोय की!"

चिऊ आत्ता मांडीवर झोपली आहे, माझी ओढणी मुठीत धरून. ती उठायच्या आत हे लिहून उरकते, कारण पोळ्यांची कणीक मळून झालीय, पण भाकरी थापायच्या राहिल्यात. खिचडीचं म्हणाल तर ती गणराजला फार आवडली. म्हणतो, "वहिनी, रोज करत जा!"

भाकरी-पोळीच्या जोडीला!